एकच कपाट राहील, दुसरं जाईल

खालची वाडी, ता. भोर
शुक्रवार, दुपारी (वाचनालय संध्याकाळीच उघडतं, म्हणून निवांत)

आदरणीय रामभाऊ दाजींना कुंडलिकचा मनापासून जयभीम. आक्कालाही सांगावा.

इकडं आम्ही सगळे धड आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. आक्का सांगत होती की तुम्ही वेल्ह्याच्या बाजारातून कसलं तरी तेल आणलंय आणि ते चोळायला लागल्यापासून गुडघा आहे तसाच आहे, वर हात दुखायला लागलाय. तेल सोडा आणि भोरला येऊन डॉक्टरला दाखवा. सारोळ्याला स्वरूपच्या लग्नाला तुम्ही गुडघ्यापायी आला नाहीत ते एका परीनं बरंच झालं. का, ते पुढं येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, गेल्या काही खेपांचा माझा अनुभव असा आहे की मी प्रास्ताविक करत असतो तोवर तुमच्याकडं रेंज असते आणि मुद्द्यावर आलो की ती जाते. डोंगराचा दोष असेल. मी कुणावर आरोप करत नाही. पण कागदाची रेंज जात नाही, म्हणून हे पत्र. सोमनाथशेठचा माणूस उद्या सिमेंट घेऊन तुमच्याकडं निघालाय, त्याच्या हाती देतोय. शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती. (शेवटचं पान आधी वाचायची आक्काची सवय मला माहीत आहे. तिला पत्र देऊ नका, वाचून दाखवा.)

तर आपलं वाचनालय म्हणजे पंचायतीच्या मागच्या दोन खोल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली आतली खोली गेली. तिथं आता शुद्ध पाण्याचं यंत्र बसलंय. नाणं टाकलं की पाणी येतं. माझा पाण्याला विरोध नाही. (पाण्याला विरोध करणारा मी असूच शकत नाही. पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसलं यावरचं माझं भाषण तुम्ही ऐकलंय, दोनदा.) पण पाणी आत आलं आणि पुस्तकं बाहेर आली. सगळी कपाटं पुढच्या खोलीत दाटीनं उभी केली तेव्हा ध्यानात आलं की एक कपाट जादा होतंय आणि त्याच्यापायी दार अर्धंच उघडतंय. अर्ध्या दारातून फुलाबाई आत येऊ शकत नाहीत. फुलाबाई ह्या गावच्या शिवणकाम करणाऱ्या, अंगानं भरभक्कम आणि आमच्या सगळ्यांत दांडग्या वाचक. म्हणजे प्रश्न गंभीर होता.

इतिहासाच्या कपाटाला हात लावायचा नाही, कारण तसं झालं तर गावात मोर्चा निघेल. पोलीस भरतीच्या पुस्तकांच्या कपाटाला लावायचा नाही, कारण मोर्च्याला येणारी पोरं तीच. पोथ्यांच्या कपाटाला कोण लावणार? उरली दोन. एक कवितेचं हिरवं कपाट, जे मी गेली तीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि दुसरं ते काचा फुटलेलं, कादंबऱ्यांचं. कादंबऱ्या म्हणजे कसल्या, तर खून, सूड, जुळ्या बहिणी आणि पावसाळी बंगले. दोन्हीतलं एक शाळेच्या पडवीत जाणार, असं आमचे अध्यक्ष सोमनाथशेठ गेल्या आठवड्यात वाचनालयातच भरलेल्या बैठकीत म्हणाले. शेठचं भोरला हार्डवेअरचं दुकान आहे. पुस्तक म्हटलं की त्यांना चौरस फूट दिसतात. आणि शाळेची पडवी म्हणजे वाळवीचं माहेर. तिथं गेलेली वस्तू परत आलेली गावानं पाहिलेली नाही. कुठलं जाणार ते येत्या रविवारच्या सभासदांच्या सभेत ठरायचं, आणि शिफारस करायची ग्रंथपालानं, म्हणजे मी.

मला वाटलं, यात ठरवायचं काय आहे? मी तिथल्या तिथं माझ्या सागवानी स्टँडमागं उभा राहिलो. दाजी, तुम्ही मला ओळखता. मी म्हणालो की कविता माणसाला ताठ उभं करते आणि असली कादंबरी त्याला उशीवर आडवं करते. शिकून संघटित व्हायचं सोडून आमच्या आयाबाया जुळ्या बहिणींत गुंतल्यात, आणि जो समाज चिमणीच्या उजेडात पुस्तकं वाचून उठला तो ट्यूबलाइटच्या उजेडात असली भुतं वाचून पुन्हा निजणार का? मी पेटलो होतो. तेवढ्यात ठकुबाई उठल्या. ठकुबाई म्हणजे आपल्या सावळारामतात्यांच्या मंडळी, तेच, भोर डेपोत ड्रायव्हर होते ते.

"कुंडलिकभाऊ," त्या म्हणाल्या, "ह्यातलं येक तरी वाचलंय का तुमी?"

मी म्हणालो, विष आहे हे कळायला ते प्यावं लागत नाही.

"मग आमी रोज पितोय की," दाराबाहेरून फुलाबाई ओरडल्या (आत येता येत नव्हतं ना), "मेलो व्हय?"

लोक हसले. तीस वर्षांत माझ्या भाषणात लोक हसले नव्हते, निदान मी सांगितल्याशिवाय नाही. त्या भरात मी सगळ्यांदेखत शब्द दिला की रविवारपर्यंत ते कपाट वाचून काढीन आणि सभेत जे सापडलं तेच बोलेन, खरं तेवढंच. सोमनाथशेठनी ते लगेच इतिवृत्तात लिहून घेतलं. एरवी त्या माणसाला इतिवृत्ताची आठवण चहापुरती येते.

त्या संध्याकाळी मी 'सातव्या मजल्यावरची सूनबाई' हे पुस्तक काढलं. वाचायला नव्हे, पुरावा गोळा करायला. हातात लाल पेन होतं. तर सत्ताविसाव्या पानावर थांबलो. आपल्या वाचनालयाचा शिक्का आत सत्ताविसाव्या पानावर मारायची रीत आहे, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलंसं केलं तरी आत शिक्का राहतो. तर त्या शिक्क्याभोवती जत्रा भरलेली. कुंकवाचा ठिपका. बॉलपेनचं वर्तुळ. नखाची कोर. आणि काठाला निळ्या दोऱ्याचा एक टाका, शिवलेला टाका, दाजी! कागदाला! मी दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. सगळीकडं तेच. चौकशी केली तेव्हा कळलं की ही सगळी वाचकमंडळी घरी नेलेल्या पुस्तकाला शिक्क्याजवळ आपली खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा चुकून आणलं जात नाही. नावं सगळी सारखीच, मुखपृष्ठावरची बाई तीच, मग ओळखायचं कसं? टाका फुलाबाईंचा. ठिपका ठकुबाईंचा. पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी माझ्या हस्ताक्षरात भिंतीवर आहे. मी ती दाखवली तर फुलाबाई म्हणाल्या, "लिवलंय कुठं? शिवलंय."

संतापानं मी पुढं वाचायला लागलो. आता इथं तुम्ही पत्र आक्काला ऐकू जाणार नाही इतक्या हळू वाचा. दाजी, ती सूनबाई, शेफाली तिचं नाव, परिचारिका असते. सासरचे तिला सातव्या मजल्यावर कोंडतात, आणि लिफ्ट चालत असते पण आठव्या मजल्यावरून कुणीतरी ती सारखी वर बोलावत असतं. इमारतीला आठवा मजला नाही! आता बोला. भाषा सुमार आहे. एकाच बाईची स्मृती एकाच पुस्तकात तीनदा जाते. एका पानावर नवऱ्याचे डोळे घारे आहेत आणि पुढं काळे. मी हे सगळं लाल पेनानं टिपत होतो. मग टिपायचं राहिलं. मग पेन कुठं गेलं ते कळलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सारोळ्याचं लग्न. मी पिशवीत पुस्तक ठेवलं होतं, गाडीत पुरावा गोळा करावा म्हणून. मांडवात मागच्या खुर्चीवर बसून गोळा करत होतो. शेफाली आठव्या मजल्याचं दार शोधत होती, ते तिला सापडलं होतं, तिनं कडीवर हात ठेवला होता, आणि माईकवरून माझं नाव पुकारलं. वधूवरांना शुभेच्छा द्यायला. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडच्या लग्नात शुभेच्छांचं माझं भाषण म्हणजे एक सोहळा असतो. पण मी गेलो, म्हणालो की दोघांनी सुखानं राहावं, भरपूर वाचावं, आणि खाली उतरलो. स्वरूपच्या आईला वाटलं मी कशावरून तरी रागावलो. कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं बीपी असेल, एकानं तर माझी चप्पल काढून तळपाय चोळले. त्यात आचाऱ्यानं, तो उत्रोलीचा, माझं भाषण धरून भाताला आधण ठेवलेलं. कुंडलिकराव बोलायला उठले की तांदूळ टाकायचे आणि ते बसले की उतरायचा, हा म्हणे पंचक्रोशीतल्या आचाऱ्यांचा जुनाच हिशेब. तांदूळ टाकतोय तोवर मी बसलोसुद्धा. पंगत बसली आणि भात कच्चा. तो डाव घेऊनच माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आवो, आज कसं काय गप बसला? माझी अब्रू गेली की!" पाहुण्यांनी शेंगदाण्याच्या लाडवावर भागवलं. आता या प्रकारात दोष कुणाचा? त्या लेखकाचा. प्रत्येक प्रकरण दारावर आणून सोडतो मेला. माझ्या भाषणातून माणसं उठून जातात (कामं असतात लोकांना, मी समजून घेतो), पण याच्या पुस्तकातून उठता येत नाही. हे मला मान्य करावं लागतंय आणि ते करताना माझा जबडा दुखतोय.

लग्नाहून आलो ते दुसरी कादंबरी घेऊनच बसलो, मग तिसरी. कपाट अजून निम्मंही झालेलं नाही. मग मनात आलं, न्यायानं वागायचं तर कवितेचंही कपाट उघडून पाहावं. तिथं कुणाच्या खुणा असणार? तिथल्या पुस्तकांची धूळसुद्धा मीच झटकतो. (नेण्याआणण्याची वही वाचक आपापली लिहितात, मी ती वर्षानुवर्षं उघडलेली नाही.) म्हणून सहज एक संग्रह काढला, सत्ताविसावं पान उघडलं, आणि दाजी, बघतो तर काय! कुंकवाचा ठिपका. दुसरा संग्रह. ठिपका. तिसऱ्यात दोन ठिपके! कपाटातली जवळजवळ सगळी पुस्तकं कुंकवानं पुजलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं ओरडलो ते कुठंतरी रुजलं, आणि रुजलं ते कुणाच्या घरी, तर मला भर सभेत आडवं पाडणाऱ्या ठकुबाईंच्या घरी! मी तसाच त्यांच्याकडं गेलो. अंगणात ठकुबाई तांदूळ निवडत होत्या आणि तात्या बाजेवर बसून होते. मी हात जोडून म्हणालो, माफ करा, तुम्ही कवितेच्या वाचक आहात हे मला ठाऊक नव्हतं.

"वाचक कसली," त्या म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी न्येते. ह्यास्नी झोप येत न्हाई."

तात्यांची सगळी नोकरी रातराणी गाड्यांवर गेली. दिवसा झोप, रात्री घाट. आता निवृत्तीनंतर झोपच रुसली. गोळ्या झाल्या, जायफळ झालं. मग एकदा चुकून कवितेचं पुस्तक घरी आलं, ठकुबाईंनी दोन पानं मोठ्यानं वाचली आणि तात्या घोरायला लागले. तेव्हापासून हा उपचार चालू आहे. एक ठिपका म्हणजे झोप लागते, दोन ठिपके म्हणजे लगेच लागते. आणि दाजी, दोन ठिपके कुणाला मिळालेत ते पाहिलं तर ज्यांच्या ओळींवर मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या ते सगळे तिथं.

मी दुखावून विचारलं, सगळ्याच कवितांना झोप येते का? तर तात्या स्वतः बोलले. ते फार बोलत नाहीत. "न्हाई," म्हणाले, "ती नवी असत्यात ना, तुटक तुटक, ती चालत न्हाईत. मधीच ब्रेक मारत्यात. दचकून जाग येती. जुनी बरी, एका लयीत. टॉप गिअर पडल्यासारखी." दाजी, मुक्तछंद आणि वृत्त यांवर मी पुण्यात परिसंवाद ऐकलेत, पण सावळारामतात्यांनी बाजेवर जो निवाडा दिला तसा एकातही ऐकला नव्हता. मी उठलो. जाताजाता चिडून म्हणालो, एकूण काय, कविता म्हणजे तुमच्याकडं झोपेची गोळी.

ठकुबाई तांदळातला खडा काढत म्हणाल्या, "येकाला फुली मारलीया. ते न्हाई पुन्यांदा न्येत."

का, म्हणून विचारलं. त्या तात्यांकडं बघून हळू म्हणाल्या, "त्यानं झोपलं न्हाईत. रडलं."

ते पुस्तक मी परत येऊन शोधलं. कुठल्याशा तालुक्यातल्या कुणाचा तरी स्वखर्चानं काढलेला बारीक संग्रह. इतका बारीक की दोन महाकवींच्या मध्ये चेपून गेलेला. देणगीत आलेला, मी शिक्का मारून लावला होता, एवढंच. फुलीच्या पुढच्याच पानावर एक छोटी कविता आहे. माणूस कामावरून घरी येतो, सगळे निजलेले, ताटावर ताट झाकून ठेवलेलं. तो जेवत नाही, नुसता झाकणावर हात ठेवून बसतो, अजून कोमट आहे का बघायला. बस, एवढंच. यात क्रांती नाही, निसर्ग नाही, यमकही धड नाही. मी ती उभ्यानं वाचली आणि मग बसून वाचली. दाजी, भाषणात घेण्याजोगी एकही ओळ तिच्यात नाही. टाळी पडणारच नाही. आणि तरीही ती मला चार दिवस सोडत नाही. त्या पुस्तकाला वाळवी लागणार असेल तर ती आधी मला लागू दे.

तर आता माझी अवस्था बघा. रविवारी मला खरं बोलायचंय, शब्द दिलाय, इतिवृत्तात आहे. कवितेच्या बाजूनं बोललो तर कादंबऱ्या पडवीत जाणार आणि निम्म्याहून जास्त अजून वाचायच्यात. (एकीत खुनी कोण ते मला जवळजवळ कळलंय.) शिवाय त्या वाईट आहेत असं म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. कादंबऱ्यांच्या बाजूनं बोललो तर कविता जाणार, ती कोमट ताटाची कविता जाणार, तात्यांची झोप जाणार, आणि तीस वर्षं जे बोललो त्यावर पाणी. तिकडं ठकुबाईंची गत तशीच. त्यांना कादंबऱ्या हव्यात, पण कविता गेल्या तर त्यांचं घर रात्रभर जागं. पण त्या सभेत माझ्या विरुद्ध बोलल्यात, आता फिरायचं कसं? परवा पाण्याच्या यंत्रापाशी भेटलो तर दोघांनीही एकमेकांच्या घागरीकडं बघितलं.

यावर तुम्ही विचार करा. तुमचा सल्ला मी नेहमीच मानत आलोय. (ती विहिरीची गोष्ट सोडून.) तुमचा गुडघा लवकर बरा होवो, आक्काला सुखात ठेवा, आणि वेल्ह्याकडच्या लोकांना वाचायची सवय लावा, पण कशाची, ते मला आता सांगता येत नाही.

तुमचा,
कुंडलिक

ता. क. एक लहानसं काम. रविवारी सकाळी सोमनाथशेठना तुम्ही फोन करून आक्काची तब्येत बरी नाही, कुंडलिकला ताबडतोब धाडा, असं सांगितलं तर बरं होईल. जास्त आजारी करू नका, मला यायला पुरेल इतकीच. ग्रंथपालच नसला तर शिफारस कोण करणार? सभा पुढं जाईल. तेवढ्यात माझं कपाट वाचून होईल.

ता. क. (शनिवार सकाळ) तो फोन करू नका. आक्काला बरी करा. काल संध्याकाळी मी वाचनालय उघडायच्या आत ठकुबाई आणि फुलाबाई शिवणकामाची टेप घेऊन हजर. ठकुबाई म्हणाल्या, दोन्ही कपाटं राहतील, सभा कशाला भरवायची? मी म्हणालो, जागा? तर फुलाबाईंनी टेप लावली ती माझ्या बोलायच्या उंच लाकडी स्टँडला. माझ्या सेवेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावानं सागवानी करून दिलेला, वर दिवा, आत माझ्या भाषणांची टाचणं. कपाटाच्या रुंदीला तो बरोबर बसला. मी म्हणालो, हे चालणार नाही, बोलायचं कुठं मग? ठकुबाई म्हणाल्या, "तुमाला काय स्टँड लागतोय भाऊ? तुमी एस्टीत बसल्याजागी बी बोलता." सोमनाथशेठ तोवर आलेच होते, त्यांनी सही ठोकली. स्टँड बाहेर काढला आणि दार पूर्ण उघडलं. फुलाबाई आत आल्या आणि सरळ कवितेच्या कपाटाशी गेल्या. आता त्यातही टाका पडणार. भिंतीवरची पाटी मी या खेपेला दाखवली नाही.

ता. क. स्टँड सध्या पडवीत आहे. शाळेच्या. म्हणून खरं काम हे: तुमचा टेम्पो घेऊन या आणि तो तुमच्या ओसरीत ठेवून घ्या. जड आहे, पण गुडघ्याला हात न लावता चढवता येईल, इथं माणसं देतो. सागवान आहे, घराला शोभेल. देखभालीची काळजी करू नका, मी दर रविवारी येत जाईन.

ता. क. सभा रद्द झाल्यामुळं भाषण तसंच राहिलंय. मी दोन्ही लिहून ठेवली होती, एक कवितेच्या बाजूचं आणि एक कादंबऱ्यांच्या बाजूचं. दोन्ही खरी आहेत. आक्काला आधी कुठलं ऐकायचंय ते विचारून ठेवा, आणि त्या दिवशी भात जरा उशिरा टाकायला सांगा.